नाक दाबलं, पण कुणाला कळलंच नाही: देणगी रोखताना या चुका टाळा

आपल्याच उमेदवाराला वठणीवर आणायला देणगी थांबवायची, हा अमेरिकेतला जुना उपाय. पण 'मी पैसे बंद केलेत' असं कुणी ऐटीत सांगितलं की मी आधी विचारतो, 'त्यांना कळवलंस का?' उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं.

गुपचूप थांबवणं ही सगळ्यात मोठी चूक. मीही केलीय. प्रतिनिधीगृहातल्या एकाला मी महिना २५ डॉलर द्यायचो. एका विधेयकावर त्याने नको तिकडे मत दिलं. रात्री अकराला संतापून देणगी रद्द केली आणि 'आता बसेल चटका' म्हणत झोपलो. तीन महिने ईमेल येतच राहिले, उलट जास्तच लाडिक. मग एका शनिवारी प्रचाराचे फोन करायला त्याच्या प्रचार कार्यालयात गेलो (ते काम सोडलं नव्हतं), तर तिथल्या आठवणीच्या फोनयादीत माझंच नाव! शेजारी शेरा: 'कार्डची मुदत संपली असावी.' माझा तीन महिन्यांचा निषेध त्यांच्या लेखी बँकेची कटकट होती.

तेव्हापासून आधी फोन, मग रद्द. देणग्या बघणाऱ्या माणसाला गाठायचं. किती वर्षं देतोय आणि कशामुळे थांबतोय, एवढंच सांगायचं. निधी मागणाऱ्या ईमेलला उत्तर लिहीत बसू नका.

वेळही बघा. ३० जूनला तिमाही संपते, १५ जुलैपर्यंत हिशेब निवडणूक आयोगाकडे जातो आणि पत्रकार आकडे चाळतात. २० जूनचा फोन टोचतो, २ जुलैचा नाही. एवढाही धीर नसेल तर रुसून बसण्यात अर्थ नाही.

'अमुक मत द्या, ५०० डॉलर देतो' असं चुकूनही लिहू नका. तो सौदा झाला. प्रकरण लाचेच्या कायद्यापर्यंत जाऊ शकतं. नाराजी सांगा, भाव ठरवू नका.

आपल्या रकमेचा तोरा नको. २००८ मध्ये ओबामा सिनेटर होते आणि अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. सरकारी पाळतीच्या विधेयकाला विरोध करा म्हणून त्यांचे समर्थक त्यांच्याच संकेतस्थळावर गट करून भांडले. ओबामांना जाहीर उत्तर द्यावं लागलं, पण ९ जुलैला मत त्यांनी विधेयकाच्या बाजूनेच दिलं. पुढे एकट्या सप्टेंबरात १५ कोटी डॉलरहून जास्त जमले. एकेकट्याच्या रुसव्याने तिथे काय हललं असतं? उत्तर मिळालं ते गट करून गलका केला म्हणून.

उमेदवाराचे बंद करून पक्षाला देणं म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात.

आणि एच-वन-बीवरच्या मित्रांनो, तुम्ही 'थांबवतोय' म्हणूच नका. कायद्याने तुम्हाला देताच येत नाही. रुसायलाही आधी ग्रीन कार्ड लागतं.