वॉच अडकला? दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीची तयारी

एनपीएम रन वॉच, म्हणजे फाइल बदलली की प्रोजेक्ट आपोआप पुन्हा बिल्ड करणारी कमांड, चालू आहे, फाइल सेव्ह केली, तरी टर्मिनल ढिम्म. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी नोड मॉड्यूल्सचा (डाउनलोड केलेल्या पॅकेजेसचा) फोल्डर उडवायला जातो. तो आवरा. सेव्ह केल्यापासून ब्राउझरमध्ये बदल दिसेपर्यंत चार टप्पे असतात: एडिटर फाइल लिहितो, ऑपरेटिंग सिस्टिम तशी वर्दी देते, टूल बिल्ड करतं (कोडमधून ब्राउझरला द्यायच्या फाइल्स तयार करतं), ब्राउझर नवी फाइल उचलतो. कोणता टप्पा तुटलाय हे कळण्याआधी केलेला प्रत्येक उपाय म्हणजे निव्वळ अंदाज.

म्हणून आधी वॉच थांबवून साधा बिल्ड एकदा चालवा. तोही पडत असेल तर वॉचचा काही दोष नाही, एररचा मजकूर वाचा. वेबपॅक ४ या बिल्ड टूलवरचा जुना प्रोजेक्ट नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १७ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर उघडला असेल, तर त्यातल्या ओपनएसएसएल ३ या एन्क्रिप्शन लायब्ररीमुळे सुरुवातीलाच तो कोसळू शकतो. नोडची आवृत्ती आधी टिपून ठेवायची ती याचसाठी. बिल्ड नीट झाला तर वॉच पुन्हा लावा, एक फाइल सेव्ह करा आणि तयार झालेल्या फाइलची वेळ पाहा. वेळ बदलली असेल तर वॉच ठीक आहे आणि ब्राउझर जुनंच दाखवतोय. डेव्हटूल्स उघडे ठेवून नेटवर्क टॅबमधलं डिसेबल कॅश लावा, जुना सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे राहून साठवलेल्या फाइल्स देणारी स्क्रिप्ट) बसलाय का तेही बघा. एक सावधगिरी मात्र हवी: वेबपॅक डेव्ह सर्व्हर आपलं आउटपुट मेमरीत ठेवतो, त्यामुळे तिथे डिस्ट फोल्डरमधली वेळ पाहून काहीच कळत नाही.

वेळ बदललीच नसेल, तर माझ्या मते सगळ्यात उपयोगी चाचणी टच या साध्या कमांडची. ती फाइलची फक्त वेळ बदलते, मजकूर नाही. टर्मिनलमधून त्याच फाइलवर टच चालवा. त्याने बिल्ड झाला आणि एडिटरच्या सेव्हने होत नसेल, तर संशय एडिटरवर. काही एडिटर मूळ फाइलवर लिहीतच नाहीत. नवी फाइल तयार करून तिला जुन्याचं नाव देतात, आणि वॉचर जुन्या फाइलकडेच बघत बसतो. विममध्ये बॅकअपकॉपी येस करा, जेटब्रेन्सच्या एडिटरमध्ये सेफ राइट बंद करा. प्रोजेक्ट डॉकरसारख्या कंटेनरमध्ये चालत असेल आणि कंटेनरच्या आत टच केल्यावर बिल्ड होतो पण बाहेरून सेव्ह केल्यावर होत नाही, असं असेल तर वर्दी माउंटमध्ये, म्हणजे बाहेरचा फोल्डर आत जोडलाय त्या जागी, अडकतेय.

लिनक्सवर असाल तर आयनोटिफायची मर्यादा तपासाच. फाइल बदलल्याची वर्दी देणारी कर्नलची ही सोय २००५ पासूनची. ती फोल्डरच्या आतल्या फोल्डरांवर आपोआप नजर ठेवत नाही. प्रत्येक फोल्डरसाठी वेगळा वॉच लागतो, आणि काही टूल्स तर प्रत्येक फाइलसाठी एकेक लावतात. अशा वॉचची मर्यादा युजरमागे ठरलेली असते, म्हणजे तुमचा एडिटर आणि दुसऱ्या टर्मिनलमधला प्रोजेक्टही त्याच कोट्यातून खातात. जुन्या कर्नलमध्ये हा आकडा ८१९२ होता, ५.११ पासून तो मशीनच्या मेमरीवरून ठरतो. मर्यादा संपली की ईनोएसपीसी असा एरर येतो आणि डिस्क भरल्यासारखं वाटतं, पण डिस्कचा काही संबंध नसतो. सिसकंट्रोल या कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने मॅक्स यूजर वॉचेस ५२४२८८ पर्यंत वाढवा. ६४ बिट मशीनवर एका वॉचला साधारण एक केबी कर्नल मेमरी लागते, तीही वॉच लावल्यावरच, म्हणून आकडा वाढवायला बिचकू नका. त्याआधी नोड मॉड्यूल्स वॉचमधून वगळलंय ना, एवढं पाहून घ्या.

विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर प्रोजेक्ट नेमका कुठे ठेवलाय ते बघा. सी ड्राइव्हवरच्या फाइल्समधले बदल लिनक्सच्या बाजूला आयनोटिफायमधून पोचत नाहीत. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. बिल्डचा वेगही वाढेल. व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरचीही हीच गत. तिथे हलवायला जागा नसेल तरच पोलिंग, म्हणजे वर्दीची वाट न पाहता ठरावीक वेळाने फाइल्स तपासणं, लावा: वेबपॅकच्या वॉच ऑप्शन्समध्ये पोल १०००, म्हणजे दर सेकंदाला तपासणी. वेबपॅकवर बेतलेल्या लारावेल मिक्सच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये वॉच-पोल नावाची तयार स्क्रिप्टच सापडेल. पोलिंग सीपीयू खातं, लॅपटॉप तापतो, म्हणून मी ते शेवटी ठेवते.

पॅकेज डॉट जेसनमधली स्क्रिप्टची ओळ अक्षर न् अक्षर वाचा. दोन चांदण्यांचा पॅटर्न (**, म्हणजे आतले सगळे फोल्डर) अवतरणात नसेल तर शेल तो स्वतःच उलगडतो, आणि खोल फोल्डरांतल्या फाइल्स सुटू शकतात. एकेरी अवतरण विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला समजत नाही, म्हणून एस्केप केलेलं दुहेरी वापरा. चोकिदार ही फाइल्सवर नजर ठेवणारी लायब्ररी थेट वापरणारी स्वतःची स्क्रिप्ट असेल तर त्याची आवृत्ती बघा. २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने असे पॅटर्न काढून टाकले, त्यामुळे वॉचर सुरू होतो पण काहीच पकडत नाही.

सेव्ह न करताही बिल्ड फिरतच राहत असेल, तर आउटपुटचा फोल्डर वॉचच्याच आत पडलाय. तो बाहेर काढा किंवा इग्नोरमध्ये टाका.

एवढ्यावरही सुटलं नाही आणि सहकाऱ्याला विचारायची वेळ आली, तर ऑपरेटिंग सिस्टिम, नोड आणि टूलच्या आवृत्त्या, प्रोजेक्ट कोणत्या ड्राइव्हवर आहे, स्क्रिप्टची पूर्ण ओळ आणि टच केल्यावर काय झालं, हे सगळं एकाच मेसेजमध्ये पाठवा.