व्यायाम लिहून ठेवा, पण त्याच्या कॅलरी परत खाऊ नका

वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजायला लागलं की आठ-दहा दिवसांत हा प्रश्न येतोच, की आज पाऊण तास चालणं झालं, अ‍ॅप म्हणतंय ३०० कॅलरी जळल्या, मग आज ३०० जास्त खाल्ल्या तर चालतील ना? माझं उत्तर असं की व्यायाम रोज लिहा, न चुकता लिहा, पण त्या कॅलरी खाण्याच्या खात्यात जमा करू नका. ह्याला एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईलच, आणि ज्यांना तो लागू होतो त्यांनी तो अजिबात सोडू नये.

सगळ्यात आधी बघा तुमचा रोजचा आकडा आला कुठून. बहुतेक गडबड इथेच होते आणि लोक मात्र महिनाभर स्वतःच्या इच्छाशक्तीला दोष देत बसतात. ऑनलाइन कॅल्क्युलेटर आधी बीएमआर काढतो, म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागेल तेवढी ऊर्जा. त्यासाठी १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जॉर सूत्र बरंच वापरलं जातं: वजन किलोमध्ये गुणिले १०, अधिक उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५, आणि मग पुरुषांसाठी अधिक ५, बायकांसाठी उणे १६१. समजा एक बाई आहे, ३५ वर्षांची, उंची १६० सेंमी, वजन ७० किलो, तर तिचा बीएमआर येतो १३६४. आता ह्याला हालचालीचा गुणक लागतो. बैठं काम असेल तर १.२, थोडाफार व्यायाम असेल तर १.३७५, मध्यम असेल तर १.५५. म्हणजे रोजचा एकूण खर्च, ज्याला टीडीईई म्हणतात, तो अनुक्रमे १६३७, १८७६ किंवा २११४.

हे तीन आकडे जरा नीट बघा. तिने "थोडाफार व्यायाम" निवडलं त्याच क्षणी तिला हालचालीच्या नावाने दिवसाला २३९ कॅलरी मिळाल्या, म्हणजे ज्या दिवशी ती चालायला गेली नाही त्या दिवशीसुद्धा. आता ह्याच्यावर अ‍ॅपमध्ये पुन्हा चालणं टाकून त्याच्या कॅलरी खाल्ल्या तर एकच व्यायाम दोनदा मोजला गेला. आणि नुसता "मध्यम" हा पर्याय चुकून निवडला तर बैठ्या आकड्यापेक्षा ४७७ जास्त, म्हणजे अख्खं डेफिसिट, खर्चापेक्षा कमी खाऊन ठेवलेली तूट, तिथेच संपलं.

अ‍ॅप सगळी सारखी नसतात हेही लक्षात घ्या. मायफिटनेसपालसारखं अ‍ॅप हालचालीची पातळी विचारतं तेव्हा त्यात व्यायाम धरलेला नसतो, तो नंतर टाकला की त्या दिवसाचा आकडा आपोआप वाढतो. टीडीईई कॅल्क्युलेटर मात्र आठवड्यातून किती दिवस व्यायाम करता ते आधीच विचारून घेतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, पण कॅल्क्युलेटरचा आकडा अ‍ॅपमध्ये टाकला आणि वर व्यायामही जोडला की घोळ झालाच. फोनमधले स्टेप्स सिंक होत असतील आणि तुम्ही तेच चालणं हातानेही लिहीत असाल तर तेही तपासून घ्या.

आता समजा हे सगळं नीट केलं, तरी जळलेल्या कॅलरीच्या आकड्यावर किती विसंबायचं? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० लोकांवर तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहा उपकरणांनी चांगले मोजले, चूक ५ टक्क्यांच्या आत. पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात चांगल्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. वेट ट्रेनिंगमध्ये तर हे जास्तच फसवं होतं, कारण जोर लावताना ठोके वाढतात पण त्या प्रमाणात ऊर्जा खर्च होत नाही, आणि घड्याळ ठोक्यांवरूनच अंदाज बांधत असतं.

दुसरी गोष्ट एकूण आणि निव्वळची. व्यायामाचा जोर मेट ह्या एककात मोजतात, १ मेट म्हणजे शांत बसलेलं असताना ताशी दर किलोला साधारण १ कॅलरी. बऱ्यापैकी वेगाने चालणं साधारण ३.५ मेट. आपल्या ७० किलोच्या बाईने ४५ मिनिटं चाललं तर ३.५ गुणिले ७० गुणिले ०.७५, म्हणजे १८४ कॅलरी. पण ती पाऊण तास खुर्चीत बसली असती तरी ५०-५५ जळल्याच असत्या आणि त्या बीएमआरमध्ये आधीच धरलेल्या आहेत, त्यामुळे चालण्याची खरी भर १३० च्या आसपास. अ‍ॅपने ३०० दाखवले आणि तिने ते खाल्ले तर त्या दिवशी चालूनसुद्धा ती १७० ने मागे गेली. तुमच्या घड्याळात "अ‍ॅक्टिव्ह" आणि "टोटल" असे दोन वेगळे आकडे असतील तर निदान अ‍ॅक्टिव्हवालाच बघत जा.

आणि तिसरं म्हणजे शरीर स्वतःच थोडा हात आखडता घेतं. २०२१ मध्ये करंट बायॉलॉजीमध्ये १७५४ प्रौढांच्या ऊर्जाखर्चावर एक अभ्यास आला, त्यात दिसलं की जास्तीच्या हालचालीतून जळलेल्या कॅलरींपैकी सरासरी २८ टक्के शरीर दुसरीकडे काटकसर करून भरून काढतं, म्हणजे दिवसाच्या एकूण खर्चात त्यातल्या साधारण ७२ टक्केच दिसतात. शिवाय दमलेला माणूस उरलेला दिवस कमी उठतो, कमी फिरतो, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. त्यात आपला अंदाज खाण्याच्या बाबतीतही कच्चाच असतो, १९९२ च्या एका छोट्या पण गाजलेल्या अभ्यासात वजन उतरतच नाही म्हणणाऱ्या लोकांनी खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ते मुद्दाम खोटं बोलत होते असं मला वाटत नाही, माणसाचा अंदाज तसाच चालतो. म्हणूनच दोन कच्च्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी रोज करत बसण्यापेक्षा एकच आकडा धरून चालणं बरं.

तर प्रत्यक्षात करायचं असं. व्यायाम धरून येणारा आकडा घ्या, पण गुणक मनात येईल त्याच्यापेक्षा एक पायरी खालचा निवडा. आठवड्यातून तीन-चारदा जिम आणि बाकी दिवस खुर्चीत असेल तर १.३७५ पुरे. त्यातून ३०० ते ५०० कमी करा. आपल्या उदाहरणात १८७६ मधून ४०० गेले की साधारण १४७५, आणि हेच रोज, व्यायाम असो वा नसो. व्यायाम वेगळ्या जागी लिहा, वहीत किंवा दुसऱ्या अ‍ॅपमध्ये, आणि कॅलरीत नाही तर किती मिनिटं, किती किलोमीटर, किती वजन उचललं, किती रेप्स म्हणजे एका दमात किती वेळा, झोप कशी होती, असं. हीच नोंद पुढे कामाची ठरते, कारण खाणं कमी असताना उचलायचं वजन टिकून राहिलं तर स्नायू बऱ्यापैकी टिकतायत हे तिच्यातून कळतं, आणि दर आठवड्याला ताकद घसरत असेल तर डेफिसिट जास्त झालंय किंवा प्रोटीन कमी पडतंय हेही तिथेच आधी दिसतं. अ‍ॅप एकच ठेवायचं असेल आणि कॅलरी आपोआप जमा होणं बंद करता येत नसेल, तर व्यायाम ४५ मिनिटं असा लिहा आणि कॅलरीच्या रकान्यात १ टाका, नोंदही राहते आणि आकडाही हलत नाही.

मग वजन. रोज सकाळी एकाच वेळी करा आणि फक्त आठवड्याची सरासरी बघा, एकेका दिवसाच्या आकड्याने मन खट्टू करून घेऊ नका. नवीन व्यायाम सुरू केला की स्नायू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पहिले एक-दोन आठवडे काटा वरही जाऊ शकतो, ती चरबी नसते. ज्यांना पाळी येते त्यांनी चार आठवड्यांच्या अंतराने तुलना करावी. समजा दुसऱ्या आठवड्याची सरासरी आणि सहाव्या आठवड्याची सरासरी ह्यात १.३ किलोचा फरक पडला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तर १.३ गुणिले ७७०० भागिले २८ दिवस, म्हणजे दिवसाला साधारण ३५७ चं डेफिसिट. रोजचं सरासरी खाणं १४७५ होतं, तर खरा खर्च १८३२. ह्यात तुमचं चालणं, जिम, शरीराची काटकसर, घड्याळाची चूक, लिहायचा राहून गेलेला एखादा घास, सगळं येऊन गेलं, कोणताही ट्रॅकर इतकं तुमच्यापुरतं उत्तर देऊ शकत नाही. फक्त व्यायाम साधारण सारखा चालू ठेवा, नाहीतर हा आकडा बदलेल.

आता तो अपवाद. तुम्ही मॅरेथॉनची तयारी करताय, तासन् तास सायकल चालवताय, किंवा एखाद्या दिवशी एकदम मोठी मेहनत होतेय, तर वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी जाते, म्हणजे ६५ किलोचा माणूस १५ किलोमीटर धावला की ९७५ च्या आसपास. त्या दिवशी १५०० वर राहणं म्हणजे बाकीच्या शरीराला जेमतेम सव्वापाचशे, आणि हे वारंवार झालं तर पाळी चुकणं, हाडांना बारीक फ्रॅक्चर, सतत आजारपण, झोप उडणं असे प्रकार सुरू होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ह्या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं आणि ती पुरुषांनाही होते. अशा दिवशी अंदाजाच्या निम्म्या कॅलरी तरी परत खा, शक्यतो व्यायामाच्या आधी, दरम्यान आणि नंतर वाटून, आणि तरीही वजन ठरवल्यापेक्षा वेगाने उतरत असेल तर निम्म्यावरून पाऊणवर जा. साधारण दीड तासाच्या आतल्या नेहमीच्या व्यायामाला ह्याची गरज पडत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून. खाल्लेलं "फेडायला" व्यायाम करावासा वाटतोय, किंवा व्यायाम चुकला म्हणून जेवण टाळलं जातंय असं दिसलं तर दोन्ही नोंदी थांबवा आणि डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. डायबेटिसची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदरपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर हे आकडे स्वतः न ठरवता आधी डॉक्टरांना विचारा.

चार-पाच किलो उतरले की वरचं गणित नव्या वजनाने पुन्हा करा, कारण हलक्या शरीराचा बीएमआरही कमी आणि त्याच चालण्यात जळणाऱ्या कॅलरीही कमी. वजन अडलं आणि तीन-चार आठवड्यांच्या सरासरीत खरंच काही हललं नाही, तर खाण्यातून १०० कमी करा किंवा आठवड्यात दोन वेळा चालणं वाढवा, दोन्ही एकदम नको, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल.