आतड्यातला दाह आणि मूळपेशी: पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत मी काय शिकले

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली एक स्लाइड पाहिली आणि मला वाटलं, आपल्याला उत्तर सापडलं. त्या उंदराला ७ दिवस पिण्याच्या पाण्यातून डीएसएस दिलं होतं. हा क्षार मोठ्या आतड्याच्या अस्तराला इजा करतो आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दीर्घ आजारासारखा दाह उठवतो. उंदीर अशा जातीचा होता, की त्याच्या आतड्यातल्या मूळपेशी (स्टेम सेल) हिरव्या चमकतात. माझ्या स्लाइडवर मात्र क्रिप्टमागून क्रिप्ट (अस्तरातले नळीसारखे बारीक खळगे) अंधारात. दाहाने मूळपेशी मारल्या, असं मी वहीत लिहूनही टाकलं.

लॅब मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, "साधं पाणी प्यायलेल्या उंदराची स्लाइड दाखव." ती मी नीट पाहिलीच नव्हती. पाहिली तर तिच्यातही कितीतरी क्रिप्ट काळ्या! या जातीत बाहेरून घातलेलं चमकणारं जनुक सगळीकडे चालू नसतं. एक क्रिप्ट हिरवी आणि तिच्या शेजारच्या दोन काळ्या, अशी ठिगळं निरोगी आतड्यातही असतात. मूळपेशी जागेवर असतात, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. जुन्या लोकांना हे इतकं सवयीचं झालेलं असतं, की नव्या मुलांना सांगायचं राहून जातं. म्हणून मी इथे सर्वांत आधी तेच लिहिलं.

आता थोडं मुळापासून. आतड्याचं अस्तर साधारण ३ ते ५ दिवसांत नवं होतं. क्रिप्टच्या तळाशी मूळपेशी सतत विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात आणि शेवटी गळून पडतात. २००७ मध्ये निक बार्कर आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या नेदरलँड्समधल्या गटाने एलजीआर५ या जनुकाच्या खुणेवरून या पेशी ओळखल्या. २००९ मध्ये त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशा एकेका पेशीपासून बशीत इवलंसं आतडं वाढवून दाखवलं. त्याला आपण ऑर्गनॉइड म्हणतो. हे दोन पेपर घाई न करता, आकृत्यांवर बोट ठेवून वाचा.

एक गोष्ट मात्र वाचतानाच लक्षात ठेवा. यातलं बरंचसं काम लहान आतड्यावरचं आहे, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा आजार. लहान आतड्यात मूळपेशींना खेटून पॅनेथ पेशी बसलेल्या असतात, त्यांना वाढीचे संदेश देतात. निरोगी मोठ्या आतड्यात बहुतांश भागात त्या नसतात, तिथे दुसऱ्या पेशी ते काम करतात. ओएलएफएम४ ही खूण उंदराच्या लहान आतड्यात आणि माणसाच्या मोठ्या आतड्यात मूळपेशी छान दाखवते, पण उंदराच्या निरोगी मोठ्या आतड्यात ती शोधत बसलात तर महिना वाया जाईल. क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा दुसरा आजार बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात असतो, तिथे गणित पुन्हा वेगळं. म्हणून कुठलाही पेपर उघडला की मी आधी दोन गोष्टी पाहते: कोणता प्राणी आणि आतड्याचा कोणता भाग.

मग दाह नक्की करतो काय? 'मूळपेशी मरतात' हे अर्धंच खरं आहे. दाहात सुटणारं संदेशरसायन इंटरफेरॉन-गॅमा त्यांना खरोखर मारू शकतं. पण डीएसएसच्या जखमेत एलजीआर५ची खूण मावळते, तेव्हा वाचलेल्या पेशी आपलं रूपच बदलतात. २०१८ मध्ये शिरो युई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दुरुस्तीच्या काळात अस्तराच्या पेशी गर्भातल्या आतड्याच्या पेशींसारख्या होतात आणि या बदलामागे याप-टाझ ही प्रथिनं असतात. वर सरकून वेगळं काम करू लागलेल्या पेशीही गरज पडली तर मागे फिरून मूळपेशी होऊ शकतात. जखम भरत आली की एलजीआर५ परत येतं. याचा अर्थ असा, की सातव्या दिवशी आतडं काढलंत तर एक गोष्ट दिसेल आणि बाराव्या दिवशी अगदी उलटी. माझ्या पहिल्या प्रयोगात एकच दिवस होता. आता मी रोज वजन घेते, डीएसएस थांबवल्यावरही घेते, कारण बऱ्याचदा सर्वांत कमी वजन त्यानंतर एकदोन दिवसांनी दिसतं. आतडं काढण्याचे निदान तीन दिवस मी आधीच ठरवून ठेवते. डीएसएसचा लॉट बदलला की त्याची ताकदही बदलते, तेव्हा पूर्ण प्रयोगाला पुरेल एवढी बाटली एकदम मागवा.

आयएल-२२ची गोष्टही अशीच. २०१५ मध्ये हे संदेशरसायन मूळपेशींकडून दुरुस्ती करवून घेतं असं दिसलं आणि ऑर्गनॉइड मोठे झाले. पुढच्या अभ्यासांत आढळलं, की ऑर्गनॉइड फुगतात, पण त्यातल्या मूळपेशी घटू शकतात, वाढतात त्या मधल्या, भराभर विभागणाऱ्या पेशी. नुसता आकार मोजून निष्कर्ष काढू नका. पेशी फोडून पुन्हा पेरा आणि नवे ऑर्गनॉइड किती उगवतात ते मोजा.

हाताच्या कामाबद्दल थोडंच सांगते. ऑर्गनॉइड ज्यात वाढतात ती जेली, मॅट्रिजेल, बर्फावरच ठेवा, पिपेटच्या टिपाही आदल्या रात्री फ्रीजमध्ये टाका. बाहेर ते पाहता पाहता घट्ट होतं. वाढीचे घटक विकत घेणं महाग पडतं, त्यामुळे बऱ्याच प्रयोगशाळा एल-डब्ल्यूआरएन या पेशींपासून स्वतःच मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, बनवतात. ते शिकून घ्या. आर ही संगणकभाषा शिकायला मात्र वाट पाहू नका, सिंगल-सेलचा (एकेका पेशीतल्या जनुकांचा) डेटा आज ना उद्या समोर येतोच. पैशांचं म्हणाल तर नेट-जेआरएफची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि एसआरएफ या पुढच्या टप्प्याला ४२,०००, शिवाय घरभाडं. प्राण्यांच्या आणि रुग्णांच्या नमुन्यांसाठी नैतिकता समित्यांची मंजुरी लागते, ते अर्ज पहिल्या सहा महिन्यांतच करा.

रुग्णाच्या बायॉप्सीवर काम करणं मला सगळ्यात जड गेलं. तांदळाच्या दाण्याहूनही लहान तुकडे बर्फातून आणायचे. सुजलेल्या जागेच्या तुकड्यातून क्रिप्ट कमी निघतात, आणि निघतात त्या टिकून राहिलेल्या. म्हणजे बशीत वाढतं ते दाहातून वाचलेल्यांचं कुटुंब, सगळ्या आतड्याचं चित्र नव्हे. शिवाय बशीत शेजारी नसतात: ना रोगप्रतिकारक पेशी, ना जिवाणू, ना खालची संयोजी ऊती. काही खुणा मात्र पेशी सोबत घेऊन येतात. २०२० मध्ये जपानमधल्या दोन आणि ब्रिटनमधल्या एका गटाने दाखवलं, की वर्षानुवर्षं कोलायटिस असलेल्या अस्तरात आयएल-१७ या संदेशरसायनाच्या वाटेतल्या जनुकांमध्ये बदल झालेल्या मूळपेशींचे वंश पसरलेले असतात. दाहात तग धरणाऱ्यांची ती निवड झालेली असते. त्यातला एनएफकेबीआयझेड या जनुकातला बदल कोलायटिसमधून होणाऱ्या कर्करोगात क्वचितच सापडतो. हे वाचून मी दोन दिवस दुसरं काही वाचू शकले नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात, की काही रुग्णांना आधी क्षयाची औषधं देऊन पाहतात. माझ्या यादीतल्या एका नमुन्याचं निदान असंच काही महिन्यांनी बदललं. तेव्हापासून मी प्रत्येक नमुन्यापुढे निदानाचा रकाना मोकळा ठेवते आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांना पुन्हा विचारते.

मंगळवारी मी ओपीडीत संमतीपत्र घेऊन बसते. एका काकूंनी 'स्टेम सेल' हा शब्द ऐकला आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे माझ्या पोटात नव्या पेशी सोडणार ना, बाळ?" मी त्यांना सांगितलं, की असं काही मी करत नाही. २०१२ मध्ये तोक्योच्या एका गटाने उंदराच्या जखमी आतड्यात ऑर्गनॉइड रुजवले, २०२२ मध्ये तिथेच कोलायटिसच्या पहिल्या रुग्णात स्वतःच्याच पेशींचे ऑर्गनॉइड बसवले. पण तो अजून प्रयोग आहे, पुष्कळ लांबचा रस्ता आहे. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आज माझ्या रक्ताचे रिपोर्ट यायचेत, ते आले की सही करते."

त्या दिवसानंतर मी आमच्या माहितीपत्रकाचा मराठी मसुदा स्वतः पुन्हा लिहिला आणि समितीकडून मंजूर करून घेतला. त्याचं पहिलं वाक्य आता असं आहे: या अभ्यासातून तुम्हाला उपचार मिळणार नाही. ते वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवते, थांबते, आणि प्रश्न संपेपर्यंत पेन पुढे करत नाही.