मसाजच्या खुर्चीत चिनी बोलायचा सराव

नोकरीसाठी शांघायला येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी सांगते: चिनीचा क्लास लावाच, पण अधूनमधून पायांच्या मसाजलाही जा. बाजारात आपल्यामागे रांग खोळंबलेली असते, ऑफिसात सहकारी लगेच इंग्रजीवर येतात. मसाजच्या खुर्चीत मात्र तासभर एक माणूस समोर बसलेला असतो. त्याला घाई नसते आणि तो विचारतो ते तुमच्याच अंगाबद्दल असतं, त्यामुळे अर्धं वाक्य निसटलं तरी अर्थ लागतो.

सुरुवात पायांच्याच मसाजने करा, कारण त्यात समोरच्याचे ओठ दिसतात. अंगाच्या मसाजला पालथं झोपून तोंड पलंगाच्या भोकात घालावं लागतं, तिथे फक्त कानांवर भिस्त. ते नंतर. फेशियल नकोच, लेप लावल्यावर बोलणार कसं? कामाच्या दिवशी दुपारी जा, संध्याकाळी गर्दी असते. आणि एकटे जा. शेजारच्या खुर्चीत मराठी मैत्रीण असली की चिनी संपलं.

वहीत शब्द देवनागरीत उतरवा. चिनी शब्द रोमन लिपीत लिहितात, त्यातला ‘बी’ म्हणजे आपला प, ‘डी’ म्हणजे त, ‘जी’ म्हणजे क. प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा जो भेद इंग्रजी बोलणाऱ्यांना घोटून शिकावा लागतो, तो आपल्या कानात आहेच. शब्दाचा अर्थ बदलणारे सूर तेवढे अक्षरांच्या डोक्यावर खुणा करून लिहा.

पहिली दहा मिनिटं पाय गरम पाण्यात असतात. ‘थांग मा?’ म्हणजे पाणी फार गरम आहे का. मग दाब सुरू झाला की ‘थंग मा?’, दुखतंय का. ‘लीतू खऽई मा?’ म्हणजे जोर बरोबर आहे का. उत्तरं तयार ठेवा: ‘छिंग ईत्येन’ हळू, ‘चुंग ईत्येन’ जोरात, ‘कांगहाओ’ अगदी बरोबर. हळू म्हणताना सूर उंच आणि सपाट, जोरात म्हणताना वरून खाली आपटणारा.

नुसतं ‘दुखतंय’ म्हणून थांबू नका. दमलेला स्नायू दाबल्यावर येणारी कळ ‘स्वान’, आतून फुगल्यासारखं ठणकतं ते ‘चांग’, मुंग्या आल्या तर ‘मा’. ‘स्वान पु स्वान?’, म्हणजे कळ येते की नाही, असं विचारलं, तर ‘स्वान’ किंवा ‘पु स्वान’ एवढंच उत्तर. हा प्रश्नाचा साचा पुस्तकात वाचून माझ्या तोंडी बसला नव्हता, तो इथे बसला. तळव्याचा एकेक बिंदू एकेका अवयवाचा मानतात, म्हणून ‘वेइ’ पोट, ‘कान’ यकृत, ‘षन’ मूत्रपिंड हे शब्दही आपोआप कानावर पडतात. ‘षऽछी चुंग’ म्हणजे, चिनी वैद्यकाच्या भाषेत, तुमच्या शरीरात ओलसरपणा जास्त आहे. हे बहुतेकांना ऐकावं लागतं, घाबरू नका. मात्र गरोदर असाल तर ‘ह्वाइयुन’ हा शब्द पाय पाण्यात घालण्याआधीच सांगा.

मग गप्पा. प्रश्न जवळजवळ ठरलेले: कुठल्या तुम्ही, इथे किती वर्षं, लग्न झालंय का, मुलं किती, पगार किती. पगार विचारण्यात उद्धटपणा नाही. सांगायचा नसेल तर ‘हाय खऽई’, ठीक आहे, म्हणा. प्रत्येक प्रश्नाला तीन वाक्यांचं उत्तर घरी तयार करा आणि शेवटी ‘नी न?’, आणि तुम्ही?, जोडा. खरा सराव त्या दोन अक्षरांनंतर सुरू होतो.

मसाज करणाऱ्या बऱ्याचजणी आनह्वेई, सछ्वानसारख्या प्रांतांतून आलेल्या असतात. ‘लाओच्या’, म्हणजे मूळ गाव, विचारलं की चेहरा खुलतो. तिकडे काय खातात, नवीन वर्षाला गावी जाणार का, हे जरूर विचारा. मुलांबद्दल जपून बोला. अनेकींची मुलं गावी आजीआजोबांकडे असतात. ती गप्प झाली तर आपणही गप्प बसावं, तिथे व्याकरणाचा सराव करू नये. काहींच्या बोलीत ‘ष’चा ‘स’ होतो, मग चार (‘सऽ’) आणि दहा (‘षऽ’) सारखेच ऐकू येतात. पैशांचा आकडा असेल तर बोटांनी दाखवायला सांगा. चिनी लोक दहापर्यंत एका हातावर मोजतात.

थोडं जमू लागलं की ‘मांगरन आन्मो’ला जा, म्हणजे अंध व्यक्तींकडून होणारा मसाज. चीनमध्ये सरकारने 1950च्या दशकापासून अंधांना हे शिक्षण दिलं आहे, आणि अशी दुकानं शहरभर आहेत. तिथे मान हलवून, हात दाखवून किंवा हसून भागत नाही. सगळं बोलूनच सांगावं लागतं, मान, खांदा, डावीकडे, थोडं खाली. माझं चिनी सर्वांत जास्त सुधारलं ते तिथेच, आणि तिथल्या षऽफूंइतकं लक्ष देऊन मला कुणी ऐकलेलं नाही. षऽफू ही कसबी माणसाला मानाने मारायची हाक, तुम्हीही तीच वापरा.

शेवटी ‘च्या चुंग?’ विचारतील, म्हणजे वेळ वाढवायचा का. त्याचे पैसे वेगळे. काउंटरवर ‘पान खा’ असं ऐकू आलं, तर ते आगाऊ पैसे भरून कार्ड काढण्याबद्दल आहे. ‘वो खाओल्यू ईश्या’, विचार करते, म्हणा. दुकान बंद झालं तर कार्डातले पैसे परत मिळवणं अवघड असतं.

टिप द्यायची पद्धत नाही. दुकानात प्रत्येकीला नंबर असतो. जिच्याशी बोलणं जमलं तिचा नंबर लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी तोच मागा, आठ असेल तर ‘पा हाओ’. बऱ्याच दुकानांत नंबर सांगून बोलावलं की तिला जास्त पैसे मिळतात, आणि गप्पा ‘कुठल्या तुम्ही’पासून पुन्हा सुरू कराव्या लागत नाहीत.