सोयाबीन काढणी: शेंगा वाळण्याची वाट न पाहता माणसे आताच ठरवा

सोयाबीनची पाने पिवळी पडू लागली की शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडे आणि बाजारभावाकडे जाते. काढणीला कोण येणार, हा प्रश्न मात्र शेंगा वाळून तडकू लागेपर्यंत कोणी हाती घेत नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात शेंगांनी लगडलेले पीक उभे राहूनही घरात न आलेली अनेक शेते पाहिली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या नुकसानीचे कारण माणसे उशिरा शोधली हेच होते. म्हणून या सल्ल्यात बाकीची कामे थोडक्यात दिली असून भर याच एका गोष्टीवर ठेवला आहे.

अडचण कशी उभी राहते ते समजून घ्यावे. जूनमध्ये एका पावसावर सगळा शिवार पेरला जातो, बहुतेकांचे वाण सारख्याच मुदतीचे असते, आणि जे. एस. ३३५ सारखे वाण ९५ ते १०० दिवसांत तयार होत असल्याने सगळ्या गावाला मजुरांची टोळी एकाच आठवड्यात हवी असते. नेमक्या त्याच सुमारास कापसाची पहिली वेचणी निघते. बीड, जालना, धाराशिव भागातील ऊसतोड कुटुंबांनी उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, त्यामुळे दसरा झाला की त्यांची पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांकडे जाण्याची तयारी सुरू होते. गावातील तरुण चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेले असतात आणि काढणीसाठी सुटी काढून ते येणार नाहीत. मजूर आळशी झाले, ही पारावरची चर्चा खरी नाही. ज्याला बाहेर वर्षभराचे काम मिळते, त्याने आपल्या दहा दिवसांच्या कामासाठी गावात बसून राहावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

उशिराची किंमत शेंगेवर दिसते. पक्व शेंग दिवसा उन्हाने आवळते, रात्रीच्या दवाने सैल होते, आणि चार-पाच दिवस असे झाले की तिची शिवण उकलते. दुपारी बांधावर उभे राहिले तर शेंगा तडतड फुटल्याचा आवाज कानाला येतो. त्या वेळी जमिनीवर पाहिले तर ओळींच्या मधे पिवळे दाणे विखुरलेले असतात, आणि ते वेचून आणणे कोणालाही परवडत नाही. मधेच पाऊस झाला तर उभ्या झाडावरच दाण्याला कोंब येतात. ऑक्टोबर २०१९ मधील परतीच्या पावसाने आणि सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने काय केले, ते लातूर, बीड, धाराशिवच्या शेतकऱ्यांना सांगण्याची गरज नाही. तेवढ्या पावसापुढे कोणाचाच उपाय चालत नाही हे मान्य आहे, परंतु साध्या दोन दिवसांच्या पावसातही जे पीक जाते, ते वेळेत माणसे असती तर वाचले असते.

म्हणून पाने पिवळी पडायला लागताच, म्हणजे काढणीच्या पंधरा-वीस दिवस आधी, टोळीच्या मुकादमाला प्रत्यक्ष भेटावे. फोनवर "येतो" म्हणणारी टोळी दुसऱ्याने एकरी शंभर रुपये वाढवले की तिकडे जाते. समोर बसून ठरवलेली आणि इसार घेतलेली टोळी सहसा शब्द मोडत नाही. आता बहुतेक टोळ्या रोजंदारीपेक्षा उक्त्याने, एकरी दराने काम घेतात आणि शेतकऱ्यालाही तेच बरे पडते. बोलताना दर तर ठरवावाच, शिवाय कापणीबरोबर ढीग लावण्याचे काम त्यात धरले आहे का, पावसाने खंड पडला तर टोळी थांबणार की पुढच्या शेतावर जाणार, ने-आण कोणाच्या गाडीने आणि पैसे केव्हा, या चार गोष्टी वहीत लिहून दोघांनी पाहाव्यात. भांडणे दरावरून क्वचितच होतात, ती ढीग कोणी लावायचा यावरून होतात. शेतावरचा अंदाज असा की सरळ वाढलेल्या, तण नसलेल्या पिकात सहा-सात माणसे दिवसाला एक एकर कापतात; पीक लोळले असेल किंवा केना हे तण माजले असेल तर दीडपट माणसे धरावीत.

ज्यांना मोठी टोळी परवडत नाही, अशा दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यांनी सावड करावी. चार-पाच घरांनी पेरणीच्या तारखेप्रमाणे क्रम लावून एकमेकांच्या शेतावर जाण्याची ही रीत अनेक गावांत मोडली होती, ती मजूरटंचाईने पुन्हा सुरू होत आहे आणि ती टिकली पाहिजे.

कामाला येणाऱ्यांनीही आपली पद्धत बदलली आहे. मेळघाटातून अकोला-अमरावतीकडे उतरणाऱ्या टोळ्या असोत की गावातील बायकांचे गट, आता ते शेतांची रांग लावून काम घेतात, पहाटे निघतात आणि उन्हाच्या कडाक्याआधी मोठा वाटा उरकतात. पिकालाही हे सोयीचे आहे, कारण दवाने ओलसर असलेली शेंग सकाळी फुटत नाही. वाळलेल्या शेंगांची टोके बोटांत रुततात, म्हणून बायका जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात आणि मोज्यांची बोटे कापून ते हातावर चढवतात. शेतकऱ्याने प्रत्येकीला साधे हातमोजे दिले, पिण्याचे पाणी आणि सावली ठेवली, तर पुढच्या वर्षी तीच टोळी आधी त्याच्याकडे येते. मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी आणि शक्य तेथे प्रत्येकीच्या हातात द्यावी. काम शोधणाऱ्यांना सांगणे एवढेच की दोन शेतांचा इसार एकाच दिवसासाठी घेऊ नये, आणि पावसाने क्रम मोडला तर पुढच्या शेतकऱ्याला त्याच दिवशी कळवावे.

हार्वेस्टरवर विसंबून निर्धास्त राहू नये. जमीन ओली असली की यंत्र रुतते, म्हणजे गरज सर्वाधिक असते त्याच दिवशी ते शेतात उतरत नाही. शिवाय बुडाजवळच्या शेंगा मागे राहतात आणि मातीचा डाग पडलेल्या दाण्याला भाव कमी मिळतो. यंत्र बोलावलेले असले तरी निम्म्या क्षेत्रापुरती माणसे ठरवून ठेवावीत.

या दिवसांत कृषी सेवा केंद्रांतून दोन गोष्टी गळ्यात मारल्या जातात. पहिली म्हणजे दाणे टपोरे करणारी टॉनिके. शेंगा पिवळ्या पडल्यावर ती फवारणे म्हणजे मजुरीचे पैसे पाण्यात घालणे आहे. दुसरी त्याहून घातक आहे: माणसे मिळत नाहीत म्हणून हिरवट पीक लवकर वाळवण्यासाठी पॅराक्वाट हे तणनाशक फवारण्याचा सल्ला. सोयाबीन वाळवण्यासाठी या औषधाची शिफारस नाही, त्याच्या विषबाधेवर उतारा नाही, आणि अपक्व दाणा त्याने भरत नाही, फक्त सुरकुततो. कोणीही कितीही आग्रह केला तरी ते घेऊ नये. त्या एका फवारणीला जो खर्च येतो, तो टोळीच्या इसाराला वापरावा.

बाकीची कामे:

- ९० ते ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्यावर, दाण्यात १५ ते १७ टक्के ओलावा असताना कापणी.
- उशिरा पेरलेल्या, शेंगा अजून हिरव्या असलेल्या पिकात शेंगा करपा दिसल्यास टेब्युकोनॅझोल १० टक्के + गंधक ६५ टक्के हे संयुक्त बुरशीनाशक, २५ ग्रॅम प्रति १० लिटर पाणी. पिवळ्या पिकात फवारणी नाही.
- मळणी करताना ओलावा १४ टक्के असल्यास यंत्राचे ४०० ते ५०० फेरे, १३ टक्के असल्यास ३०० ते ४०० फेरे प्रति मिनिट.
- बियाण्याचे सोयाबीन वेगळे मळणे, स्वच्छ पोत्यात, थप्पी जास्तीत जास्त पाच पोत्यांची.
- साठवणीपूर्वी ओलावा १० ते १२ टक्क्यांवर आणणे. हमीभाव केंद्रावरही साधारणपणे १२ टक्क्यांचीच अट असते.

२०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, परंतु ओला किंवा डागी माल घेऊन गेलेल्याला त्या आकड्याचा उपयोग झाला नाही.

आता पावसाबद्दल. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागते आणि त्याचा पाऊस बहुधा दुपार कलल्यावर, विजांसह येतो. हा अनुभवाचा आडाखा आहे, तरी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा रोज पाहावाच. या काळात टोळी मोठी मिळाली म्हणून सगळे शेत एका दिवसात आडवे करू नये. संध्याकाळपर्यंत जेवढ्याची गंजी लावून ताडपत्रीखाली जाईल, तेवढेच सकाळी कापावे. कापून पसरलेले पीक भिजले तर उभ्या पिकापेक्षा लवकर सडते, कारण खालची बाजू मातीला टेकलेली असते आणि तिला वारा लागत नाही. गंजी उंचवट्यावर, खाली काड्या किंवा जुनी पोती अंथरून, शेंगांची बाजू आत ठेवून लावावी. ताडपत्री आजच तपासावी. फाटकी असेल तर शेजाऱ्याबरोबर मिळून एक जाड घ्यावी.

ज्यांची टोळी अद्याप ठरलेली नाही, त्यांनी औषधाच्या दुकानाआधी मुकादमाचे घर गाठावे. आणि पुढील खरिपासाठी आतापासूनच वही मांडावी: निम्म्या क्षेत्रात ९० दिवसांच्या आसपासचे जे. एस. ९३-०५ सारखे वाण आणि उरलेल्यात १०० ते १०५ दिवसांचे फुले संगम पेरले, तर काढणी दहा-बारा दिवसांत विभागली जाते आणि छोटी टोळीही पुरते. यंत्रानेच काढायचे ठरलेले असेल तर त्यासाठी योग्य मानलेल्या एम. ए. यू. एस. १६२ चा विचार करावा.