व्हिडिओ बघून वन-पॉकेट शिकायचंय? शॉटच्या आधी थांबा

एट-बॉल, म्हणजे पूलचा नेहमीचा प्रकार, खेळणारा माणूस पूलचा व्हिडिओ बघतो तेव्हा त्याची नजर पॉकेटवर असते. बॉल गेला की टाळी, नाही गेला की पुढचा शॉट. वन-पॉकेट हाही पूलचाच प्रकार, पण तो असा बघितला तर दहा मिनिटांत झोप येईल. दोघेही टेबलाभोवती फिरतायत, हळूच बॉल ढकलतायत, आणि आत काहीच जात नाही!

म्हणून आधी नियम पक्के करा. सुरुवातीला बॉलचा त्रिकोण (रॅक) लावतात त्या टोकाला दोन कोपऱ्यांतली पॉकेटं असतात. त्यातला एक तुमचा, दुसरा समोरच्याचा. पंधरापैकी कुठलेही आठ बॉल जो आपल्या कोपऱ्यात आधी घालेल तो जिंकला. तुमच्या हातून बॉल समोरच्याच्या पॉकेटात पडला तर तो त्याच्या खात्यात जातो. उरलेल्या चार पॉकेटांत पडलेला बॉल परत टेबलावर ठेवतात. फाउल झाला तर मिळवलेला एक बॉल परत द्यायचा, खात्यात नसेल तर उधारी. लागोपाठ तीन फाउल म्हणजे गेम गेला.

आता व्हिडिओ कुठले घ्यायचे? सुटे ‘जादूई शॉट’ दाखवणारे तुकडे सध्या बाजूला ठेवा. पूर्ण सामना हवा, अख्खं टेबल दिसायला हवं, आणि कॉमेंट्री करणारा स्वतः खेळाडू हवा. अमेरिकेतली अ‍ॅक्यू-स्टॅट्स ही कंपनी १९८० च्या दशकापासून असे सामने चित्रित करत आली. ग्रेडी मॅथ्यूज, बिली इनकार्डोना यांच्यासारखे जाणकार खेळाडू त्यात बोलले आहेत. १९९९ पासून भरणाऱ्या डर्बी सिटी क्लासिक या अमेरिकेतल्या पूल स्पर्धेत वन-पॉकेटचा स्वतंत्र गट असतो, तिथलेही सामने बघण्याजोगे. माझा एक आगाऊ सल्ला: एफ्रेन रेयेसपासून सुरुवात करू नका. फिलिपिन्सचा हा माणूस कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) पांढरा, म्हणजे काठीने मारायचा बॉल असा काढतो की बघणाऱ्याला शिकण्याऐवजी फक्त थक्क होता येतं. त्याची वेळ नंतर.

बघायची रीत अशी. खेळाडू क्यू (काठी) घेऊन वाकला की व्हिडिओ थांबवा. आता तीन प्रश्न. समोरच्याच्या पॉकेटाजवळ कुठले बॉल धोक्याचे आहेत? माझ्या पॉकेटाकडे काय सरकवता येईल? आणि शॉट संपल्यावर पांढरा कुठे थांबायला हवा? उत्तर कागदावर लिहा, मगच व्हिडिओ सुरू करा. सुरुवातीला तुमचं उत्तर बहुतेक वेळा ‘हा बॉल घाल’ असं येईल आणि खेळाडू भलतंच काहीतरी करेल. तिथे मागे जाऊन पुन्हा बघा, कारण शिकायचं ते त्या फरकातच आहे.

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. पांढरा समोरच्याच्याच पॉकेटाजवळ नेऊन ठेवला तर त्याला तिकडे थेट कट (तिरका शॉट) मारता येत नाही, कारण पांढरा बाकीच्या बॉलच्या चुकीच्या बाजूला असतो. पांढरा कुशनला चिकटला तर क्यूला त्याचा फक्त वरचा भाग मिळतो. बॉलच्या घोळक्यामागे दडवला तर वाटच बंद. कॅरममध्ये आपली सोंगटी जात नसेल तेव्हा आपण समोरच्याची वाट अडवतो, तसंच हे. फक्त इथे अर्धा गेम त्यातच जातो.

कधीकधी मोठा खेळाडू मुद्दाम फाउल करताना दिसेल. पांढऱ्याला जेमतेम स्पर्श, आणि एक बॉल भरला. चक्रावू नका, स्कोअर बघा. समोरच्याला तीन-चार बॉल सहज मिळतील अशी मांडणी असेल, तर एक देऊन सुटणं स्वस्त पडतं. मात्र लागोपाठचे फाउल मोजत राहा.

मग टेबल. एका बैठकीला व्हिडिओतली एकच मांडणी घ्या. थांबवलेल्या चित्राचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि कुशनबाहेरच्या खुणा मोजून बॉल लावा. जागा लक्षात राहावी म्हणून कागदाला लावायच्या गोल रिंगचे स्टिकर वापरा. कापडावर खडूने रेघोट्या ओढल्या तर पूल पार्लरवाला पुन्हा दारात उभं करणार नाही. शॉट मारा, पांढरा कुठे थांबला ते बघा, पुन्हा तिथेच लावा.

सोबत एक बँक शॉट घोटा. समोरच्याच्या बाजूचा बॉल त्याच बाजूच्या लांब कुशनवर आपटून आडवा आपल्या कोपऱ्यात आणायचा. वेग एकच ठेवा. जोरात मारलं की बॉल कुशनवरून कमी पसरून परत येतो, हळू मारलं की जास्त. त्यामुळे दर वेळी वेगळा जोर लावलात तर निशाणा चुकतोय की जोर, हे कळणारच नाही.

पुण्या-मुंबईच्या पार्लरमध्ये हा खेळ माहीत असलेला जोडीदार मिळणं कठीण. एट-बॉलवाल्या मित्राला नियम सांगा आणि तो तुमच्यापेक्षा सरस असेल तर बिनदिक्कत सवलत मागा: त्याने नऊ घालायचे, तुम्ही सात. अमेरिकेतही अशी घासाघीस सर्रास चालते. मित्र नसेल तर दोन्ही कोपरे स्वतःच खेळा, पण पांढरा लपवताना ‘समोरच्यावर’ दया दाखवू नका.