डिफरन्शियलमध्ये ऑइल कमी आहे. गाडी पुढे न्यायची का?

“थोडं कमी असलं तरी काही होत नाही, हजार किलोमीटर आरामात जाते,” असं सांगणारा एक जण प्रत्येक गॅरेजबाहेर चहा पीत उभा असतो. त्याचं ऐकून मी एकदा चिपळूणहून आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाट चढलो. पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये पुढून शिरणाऱ्या छोट्या गिअरच्या) सीलला, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या कडीला, महिनाभर घाम सुटत होता आणि मी तो फडक्याने पुसत होतो. वर हेळवाकला पोचेपर्यंत मागून हूंऽऽ असा एकसुरी आवाज यायला लागला. पुढे पिनियनचं बेअरिंग गेलं आणि क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियन जोडीनेच बदलावं लागलं, कारण ते दोन गिअर एकमेकांसाठी घासून जुळवलेले असतात, सुटा एकच बदलून चालत नाही.

आधी एक गोष्ट. हे सगळं बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सुमो, ओम्नी, ईको अशा मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांसाठी आहे. त्यांच्या मागच्या एक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, तेच डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारे गिअर. त्याबद्दल आपण बोलतोय. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि ऑइलही बहुतेक तेच असतं. तिथे गिअरबॉक्सचं ऑइल तपासा.

या गोळ्यात पंप नसतो. खालच्या ऑइलमध्ये क्राउन बुडालेला असतो, तो फिरताना ऑइल वर उडवतो आणि त्यातलं थोडं पुढे, उंचावर बसलेल्या पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. ऑइल कमी झालं की आधी उपाशी राहतं ते हेच बेअरिंग. त्यात घाट चढताना गोळ्याचं नाक, म्हणजे पिनियनकडचं पुढचं टोक, वर जातं, उरलंसुरलं ऑइल मागे सरकतं आणि लोड मात्र सगळ्यात जास्त असतो. सपाट रस्त्यावर महिनाभर निभावलेली गाडी घाटात अर्ध्या तासात बसते ती अशी.

आवाजावरून निदान करायचंच असेल तर मोकळ्या सपाट रस्त्यावर पन्नासला न्यूट्रल करा. घरघर तशीच राहिली तर ती इंजिनची नाही. रस्ता गुळगुळीत झाल्यावर आवाज बदलला तर टायर. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना सूर बदलत असेल तर संशय क्राउन-पिनियनवर. पण आवाज येईपर्यंत थांबणं म्हणजे दात पडल्यावर ब्रश आणणं. आवाज नाही म्हणून ऑइल आहे, असं समजू नका. बोट घालून बघा.

आणि हे बोट घालणंच लोक चुकीचं करतात. मीही केलंय.

लेव्हल बघायचा प्लग गोळ्याच्या बाजूला किंवा मागच्या झाकणावर, साधारण मध्याच्या आसपास असतो. ड्रेनचा प्लग तळाला. नेहमी वरचा आधी उघडायचा. ऑइल बदलायला म्हणून उत्साहाने खालचा खोलला, सगळं ऑइल पातेल्यात आलं, आणि मग वरचा गंजलेला प्लग हलेचना, अशी कोरडी गाडी रविवारी दुपारी अंगणात उभी करायची हौस असेल तर उलट करा. वरचा घट्ट असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, आजूबाजूची माती ब्रशने काढा आणि बरोब्बर मापाचाच पाना लावा. ढिला पाना एकदा घसरला की प्लगचे कोपरे गेलेच.

आता मुख्य फसगत. गाडी चारही चाकांवर सपाट उभी हवी. कुंभार्लीचा धडा ताजा होता म्हणून मी पुढच्याच महिन्यात मोठ्या निगुतीने मागून जॅक लावला, स्टँड लावले, खाली शिरलो आणि प्लग खोलला. बोट घातलं तर आत कोरडं! माझ्या गाडीत भोक मागच्या झाकणावर होतं. मागची बाजू उचलल्यामुळे ऑइल नाकाकडे गेलेलं, ते मला कुठून लागणार? मी पाऊण लिटर जादा ओतलं. गाडी खाली उतरवली आणि समाधानाने झोपलो. जादा ऑइल घुसळलं जातं, फेसाळतं, तापतं आणि एक्सलच्या नळीतून चाकाच्या हबच्या सीलपर्यंत जातं. पंधरा दिवसांत उजव्या मागच्या ड्रममध्ये ऑइल उतरलं आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायला लागली.

भोक पुढच्या अंगाला असलेल्या गाडीत याच्या उलट होतं, आणि ते जास्त वाईट. मागून उचललं की ऑइल पुढे येऊन भोकातून गळतं, माणूस म्हणतो “फुल आहे” आणि प्लग लावून टाकतो. प्रत्यक्षात आत कमी असतं. एकट्या जॅकवर खाली शिरायचं नाही हे तर आहेच. उंच गाडीखाली न उचलता सरपटत जाता येतं. ठेंगण्या गाडीसाठी गॅरेजचा खड्डा किंवा रॅम्प गाठा.

गाडी थांबवल्यावर वीसेक मिनिटं जाऊ द्या. लगेच उघडलं तर ऑइल वर चिकटलेलं असतं आणि बोटही भाजतं. प्लग सुटताना फुस्स झालं तर एक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) चोंदलाय, हे लक्षात ठेवा. गरम हवेला वाट मिळाली नाही की ती ऑइल सीलमधून ढकलते. अनेकांचं ‘आपोआप’ कमी होणारं ऑइल असंच जातं. चिखल भरलेला ब्रीदर साफ करायला पाच मिनिटं लागतात.

मग करंगळी आकड्यासारखी वाकवून आत घाला आणि खाली चाचपा. भोकाच्या खालच्या काठाला ऑइल लागलं तर फुल. काही गाड्यांत कंपनी काठापेक्षा थोडं खाली सांगते, मॅन्युअल बघा. एक पेर खाली लागलं तर भरा आणि जा. दोन पेरं खाली असेल तर न भरता जवळच्या ऑइलच्या दुकानापर्यंतच, आणि तेही हळू. बोटाला काहीच लागलं नाही तर गाडी हलवू नका.

इथे अर्धवट शहाणे टोचन करायला सांगतात. मागची चाकं रस्त्यावर फिरली की आत क्राउन आणि पिनियन दोन्ही फिरतात, इंजिन बंद असो की चालू. गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट सोडून ठेवला तरी फिरतात. ओढायचीच असेल तर मागची चाकं उचलून किंवा सगळी गाडी ट्रकवर घालून. त्यापेक्षा सोपं म्हणजे कुणाला तरी दुचाकीवर पाठवून ऑइल मागवणं.

ऑइल साधारणपणे ८०डब्ल्यू-९० किंवा मॅन्युअल सांगेल ते, पण डब्यावर जीएल-५ (हा गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेलं हवं. दुकानात नुसतं “नव्वद नंबर द्या” म्हणालात तर जीएल-४ हातात पडू शकतं. ते गिअरबॉक्ससाठी ठीक, इथल्या घासत फिरणाऱ्या दातांना कमी पडतं. अडलंच तर तेवढ्यापुरतं टाका आणि घरी पोचल्यावर बदला. आवाज दाबायला १४० नंबर ओतणं किंवा भुसा घालणं हे गाडी विकणाऱ्याचे उद्योग.

भरण्यासाठी पिचकारी किंवा गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी. भोकातून गळायला लागलं की थांबा, थेंब थांबू द्या, प्लग लावा.

न भरता जायची वेळ आलीच तर चाळीसच्या वर नाही, सामान नाही, घाट नाही. दर दहा किलोमीटरला उतरून गोळ्याजवळ हाताची मागची बाजू न्या. हात टेकवता येत नसेल तर प्रवास तिथे संपला.

ऑइल कुठे गेलं ते शोधायला रात्री खाली पुठ्ठा ठेवा. गोळ्याच्या नाकाखाली डाग म्हणजे पिनियन सील. चाकाच्या आतल्या बाजूला ओल म्हणजे हब सील, आणि मग ड्रम उघडावाच लागतो. काढलेलं ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला. ऑइलने भिजलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवतो म्हणणारा मिस्त्री भेटेल. त्याला नाही म्हणा, नवे घाला, दोन्ही बाजूंचे.